भोंग्यातली नवरी

दापोड्याच्या ठमाबाईला स्वतःचं लग्न कधी लाभलं नाही, पण आसपासच्या दहा-बारा गावांतली निदान दोनशे लग्नं तिच्या गळ्यातून लागली. भिवंडीच्या या बाजूला आगऱ्यांच्या घरात लग्न निघालं की भटजी मागाहून ठरे, धवलारीण आधी. धवलारीण म्हणजे लग्नाचे धवले गाणारी बाई. मांडवाची मेढ रोवायची, तांदूळ सडायचे, हळद लावायची, नवरीला बाहेर काढायचं, प्रत्येक गोष्टीचा धवला वेगळा. आणि प्रत्येक धवल्यात त्या घरची नावं आलीच पाहिजेत. नवरीचं, नवऱ्याचं, आईबापांचं, मामाचं. नाव गळलं तर ते कार्य लागलंच नाही, असं बायका मानत. दुसरी गोष्ट, एकदा उचललेला धवला मध्ये सोडायचा नाही. धवलारणीला ठसका लागला तर मागे बसलेल्या बाईने ओळ धरायची, पण सूर खाली पडू द्यायचा नाही.

ठमाबाई या कामात शिरली ती अंथरुणातून. एकोणीस वर्षांची असताना तिचा आंबेपाड्याच्या काळूरामाशी साखरपुडा झाला होता. आंबेपाडा म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव, इथून हाक मारली तर तिथे कुत्रं भुंकेल इतकं जवळ. त्याच वर्षी झोडणीच्या दिवसांत ती भाताच्या उडवीवर चढून खाली पेंढ्या टाकत होती. पाय घसरला आणि ती खळ्याच्या कडेच्या दगडावर पाठीवर आपटली. पाटा बांधणारा वैदू झाला, ठाण्याचं इस्पितळ झालं. कमरेखाली काही जीव राहिला नाही, आणि गेलेला तो सगळा जीव जणू कमरेतच गोळा झाला. दिवसातून दहादा तिथून अशी कळ निघे की ती अंथरुणाची गोधडी दातात धरी. काळूरामाच्या घरच्यांनी तीन महिने वाट पाहिली आणि मग साखरपुडा मोडला. त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. ठमानेही ठेवली नाहीत. ती भिंतीकडे तोंड करून पडली, ती तीन वर्षं तशीच.

तिला उठवलं आक्काने. आक्का तिच्या बापाची आत्या, गावची धवलारीण. ती रोज दुपारी सुपात तांदूळ घेऊन यायची, ठमाच्या उशाशी बसून निवडायची आणि निवडता निवडता धवले म्हणायची.

“मना नको ऐकवू,” ठमा म्हणायची.

“तुला कोन ऐकवतंय? मी माझी उजळनी करते. आनि ऐकनारं मानूस असं हवं का जे पळून जानार न्हाय. तू बरी घावलीस.”

एक दिवस आक्काने नवरीला बाहेर काढायच्या धवल्यात मामाचं नाव गाळलं. मुद्दाम की विसरून, ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. भिंतीकडून आवाज आला, “मामा राहिला.”

“काय?”

“मामा राहिला म्हनते. मामाबिगर पोरगी भायेर कशी येईल?”

आक्का सूप खाली ठेवून म्हणाली, “मग तूच आन तिला भायेर.”

पुढे आक्काचा गळा बसला तेव्हा ठमा तिच्या जागी गायला बसली. पहिल्याच मांडवात एका म्हाताऱ्याने हरकत घेतली. जिचं स्वतःचं लगीन मोडलं ती दुसऱ्याचं कसं लावनार? आक्का बसक्या आवाजात म्हणाली, “भिवंडीचा सोनार अंगावर सोन्याचे किती डाग घालून बसतो रं? तरी तुझ्या बायकोची नथ त्यानंच घडवली ना?” मांडव हसला आणि ठमा गायली.

तिला मांडवात नेण्याचं काम तिचा धाकटा भाऊ रघू करी. ती पडली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. पुढे भिवंडीत निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर लागला, खांदे भरले, आणि मग तो बहिणीला पाठीवर घेऊन शेतांच्या बांधांवरून गावोगाव नेऊ लागला. मांडवात पोचला की तिला मेढीशी टेकवून बसवायचा, कमरेभोवती जुनं लुगडं गुंडाळून मेढीला बांधायचा, म्हणजे पाठ ढळत नसे. तशी ती दोन-दोन दिवस बसे. कळ आली की ओळीचा शेवटचा सूर ती धरून ठेवी आणि कळ ओसरेपर्यंत सोडत नसे. बायकांना हे कुठलं माहीत! त्या म्हणत, “ठमाबायचा सूर काय लांबतो गो, काळजातून ओढून काढल्यावानी.” दुसऱ्या गावच्या धवलारणी तसा सूर लांबवायला बघत. त्यांना तो जमत नसे.

लोक तिला बघायलाही येत. लूमच्या पट्ट्यात हात गेलेला एखादा गडी, अंथरुणाला खिळलेली कोणाची आई. ती त्यांना उपदेश वगैरे करत नसे, चहा पाजून काम सांगे. गावातल्या तुळजा नावाच्या सुनेचा पदर स्टोव्हवर पेटला होता. चेहरा आणि मान भाजलेली ती बाई दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. ठमाबाईने तिला निरोप धाडला, “मना चालवत न्हाय, तुला तोंड दाखवत न्हाय. तू माझ्या पाठी बस. लोक माझे पाय बघतील नि तुझा आवाज ऐकतील.” तुळजा आली. पहिलं वर्ष पदर ओढून बसली, दुसऱ्या वर्षी पदर कधी सरकला ते तिचं तिलाच कळलं नाही. तेव्हापासून ठमाबाईच्या मागे ओळ धरायला तुळजाच असे.

चौऱ्याहत्तर साली रघूने लूम सोडला आणि लाऊडस्पीकर घेतला. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, एक बॅटरी. लग्नं, पूजा, गणपती. दोन वर्षांनी त्याने एक चपटी काळी पेटी आणली. निजामपुऱ्यातल्या जुन्या साथीदाराचा भाऊ कुवेतला होता, त्याच्याकडून.

“बाय, ही मशीन बघ. बोललं का धरून ठेवते.”

“कुनाला?”

“आवाजाला गो! तुझे सगळे धवले यात भरायचे. आक्का गेली, तिचा आवाज कुठं हाय आता? तू गेलीस तर आम्ही काय ऐकायचं?”

“मी कुठं जाते? तू उचलशील तेव्हा जानार.”

“मस्करी न्हाय. घरातच ठेवायचं. आपल्याला, पोराबाळांना.”

आक्काचं नाव निघालं म्हणून ठमाबाई तयार झाली. आक्काचा आवाज तिला अलीकडे नीट आठवत नसे, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

चार दुपारी ती गायली. तुळजा मागे होती. रघू समोर बसून बटण दाबी. पण पहिल्याच ओळीला अडलं. नावं कोणाची घ्यायची? लग्न तर कोणाचंच नव्हतं. गावातल्या बिनलग्नाच्या पोरापोरींची घ्यावीत तर उगाच त्यांच्या गाठी बांधल्यासारखं होईल. लग्न झालेल्यांची पुन्हा घेणं म्हणजे पापच. मेलेल्यांची नवरा-नवरीच्या जागी घेत नाहीत.

“कुनाची बी घे,” रघू म्हणाला, “मशीनला काय कळतंय?”

तिने बराच वेळ विचार केला. एकच जोडी अशी होती की जी धवल्यात एकदा जोडून झाली होती आणि मोडूनही झाली होती. तिला नव्याने काही होणार नव्हतं. साखरपुड्यात आक्काने ती नावं एकत्र घेतली होती. घरातच तर राहायचंय, असं म्हणून ठमाबाईने सूर लावला, “नवरी आमुची ठमा गो, नवरा काळूराम.” मागे तुळजाचा आवाज एक क्षण अडखळला आणि मग तिने ओळ धरली. रघू पेटीवरचा लाल दिवा बघत होता.

पुढच्या वैशाखात एका सकाळी ठमाबाई ओटीवर बसून वाल सोलत होती. रघू पहाटेच भोंगे घेऊन गेला होता. आंबेपाड्याच्या बाजूने वाऱ्याबरोबर धवला आला. कोणी नवी धवलारीण असेल असं तिला वाटलं, आणि वाईटही वाटलं, कारण त्या लग्नाची सुपारी तिच्याकडे आली नव्हती. मग एका ओळीचा शेवट लांबला. लांबला, आणखी लांबला. ती कळ तिला ओळखीची होती. पेटीपुढे गायल्याच्या दुसऱ्या दुपारची. मागे तुळजा. आणि मग साऱ्या शिवारावर, दोन भोंग्यांतून, “नवरी आमुची ठमा गो, नवरा काळूराम.”

तिने रघूच्या बायकोकडे पाहिलं. जानकीबाई अंगण झाडत होती. तिने मान वर केली नाही, झाडलेलंच पुन्हा झाडत राहिली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

संध्याकाळी रघू बुंदीचा द्रोण घेऊन आला. “बाय, ऐकलंस का? काय दणका झाला!”

“लगीन कुनाचं होतं?”

“चिंधू पाटलाच्या पोराचं. लडकूचं.”

“नि पोरीचं नाव?”

रघूला आठवेना.

“मग लगीन लागलं कुनाचं रं? माझं?”

“लोक काय नाव ऐकतात? बाया नाचत होत्या.”

“लोकांनी ऐकलं. दुपारपासून चार बाया येऊन हसून गेल्या. पोरं रस्त्यानं वराडतात, ठमीला काळूराम घावला. सगळ्यांनी ऐकलं, फक्त तू न्हाय ऐकलंस. माझ्यासमोर बटन दाबून बसलास नि ऐकलं न्हायस.”

रघूने द्रोण खाली ठेवला. नावांचं त्याला खरोखरच त्या क्षणी कळलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण माफी त्याच्या तोंडून निघाली नाही.

“तू घरात ठेवीन म्हनालास,” ती म्हणाली.

“ठेवलंच होतं. मग वाटलं, पडून काय उपेग? बाय, चौदा वर्सं तुला वाहतोय. सकाळी उठताना माझी पाठ कशी होते, कधी इचारलंस?”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला जास्त लागलं. “बाय, पाठ दुखते, एवढं बोलायचं होतंस. मी कुनाची गाडी मागितली असती. न्हाय तर घरी बसले असते. माझ्या मागनं माझाच गळा भाड्यानं द्यायचा?”

मग रघू मऊ आवाजात म्हणाला, “झालं ते झालं. आता असं कर, परत गा. या टायमाला नाव घेऊच नको. नुसतं नवरा, नवरी, मामा. म्हंजे कुठं बी लावता येईल.”

इतका वेळ ती रागावलेली होती. हे ऐकून मात्र ती घाबरली. “बिननावाचा धवला म्हंजे काय रं? हळद हाय नि लावायला अंगच न्हाय?”

“गानार का न्हाय?”

“न्हाय.”

“मग बस घरी,” रघू म्हणाला.

ती बसली. रघूने तिला पुन्हा पाठीवर घेतलं नाही. त्या सालात सुपाऱ्या येत राहिल्या, पण त्या रघूकडे. ज्यांच्या हळदी तिने गायल्या होत्या तेच लोक ओटीवरून जाताना म्हणत, “बाय, तुला कशाला तरास? मशीन हायच.” नावांचं कोणाला फारसं काही वाटलं नाही. उलट धवला लागला की पोरं शिट्ट्या मारत आणि ‘भोंग्यातली नवरी आली’ म्हणत नाचत. वराती जात तेव्हा ठमाबाई जानकीला दार लोटून घ्यायला सांगे. कळा पूर्वीइतक्याच येत. आता मात्र त्यांना जायला वाट नव्हती, त्या आतल्या आत फिरत.

तुळजा रोज येऊन बसे. रघूने तिला एकटीने गाण्याविषयी विचारलं होतं. “मी बोलले, माझं तोंड मशीनला आवडायचं न्हाय,” एवढंच तिने ठमाबाईला सांगितलं, आणि त्या वर्षात ठमाबाई पहिल्यांदा हसली.

माघात एक बाई ओढा ओलांडून आली. अंगाने भरलेली, कपाळावर मोठं कुंकू. ओटीच्या पायरीवर बसत म्हणाली, “तूच ना ती भोंग्यातली नवरी?”

ठमाबाईने सूप बाजूला केलं. “तू कोन?”

“मी खरी. काळूरामाची हौसा.”

“भांडायला आलीस?”

“आले असते तर तवाच आले असते. धनी चार दिस घराभायेर पडला न्हाय, तुला ठाऊक हाय? मी राग येतो का बघत बसले. आला. मग इचार केला, जिच्यासंगं लगीन ठरलं होतं तिनं नाव घेतलं, घरात बसून घेतलं. भोंग्यात कुनी घातलं? तिनं न्हाय.” हौसाने पदराने तोंड पुसलं. “माझी पोर पुतळा वैशाखात उजवते. लोक म्हनतात रघूची मशीन लाव. त्या मशीनमध्ये माझा धनी नवरा हाय. माझ्या मांडवात तो बाप हाय. ते साऱ्या आंबेपाड्याला सांगायचं कोनी?”

ठमाबाईने सूप पुन्हा पुढे ओढलं.

“गाडी मी धाडते. तोंडातून नाव निघंल का, तेवढं सांग. न्हाय निघायचं तर आत्ताच सांग, मी रागवनार न्हाय.”

“नाव घेनं माझं काम हाय,” ठमाबाई म्हणाली.

तेवढं बोलली खरी, पण वैशाखापर्यंत तिला धड झोप लागली नाही. एक वर्ष गळा बंद होता. आणि समोर सगळे ते, जे हसले होते. सूर मोडला तर पुन्हा कोणी बोलावणार नाही, ही एकच गोष्ट तिला कळत होती.

हौसाने गाडीत पेंढा घालून वर गोधड्या पसरून धाडल्या होत्या. तुळजाने तिला मेढीशी बांधलं. गाठ रघूसारखी घट्ट बसली नाही, पण बसली. भोंगे रघूचेच होते, गावाने सांगितलेले. तो आला, बहिणीकडे न बघता मेढीला माईक बांधला आणि गेला. मांडवाच्या कडेला पोरं उभी होती. एकाने हळू शिट्टी वाजवली.

ठमाबाईने तांदळाचा धवला उचलला. पहिल्या ओळीला आवाज फाटला. तुळजाने मागून धरून ठेवला. दुसऱ्या ओळीला गळा सापडला. मग ते नाव आलं. “नवरी आमुची पुतळा गो, बाप काळूराम, आय तिची हौसा.” तिने ते घाईने उरकलं नाही, खाली मानेने म्हटलं नाही. हातात तबक घेऊन उभा असलेला, केस पिकलेला काळूराम जमिनीकडे बघत होता. ‘बाप’ हे ऐकल्यावर त्याने मान वर केली. शिट्टी पुन्हा वाजली नाही. हौसाने नवरीच्या पाटाशी अशा दणक्यात हळदीचं भांडं ठेवलं की जणू तंटा मिटला.

हळदीचा धवला निम्म्यावर आला तेव्हा ठमाबाईची नजर सहज माईकच्या वायरीवरून पुढे गेली. वायर ॲम्प्लिफायरला गेली होती. त्यातून दुसरी एक बारीक वायर निघून शेजारच्या गोणपाटाखाली शिरली होती. गोणपाट थोडा वर होता. खाली कुवेतच्या पेटीतली दोन चाकं फिरत होती.

रघू पेटीशी उकिडवा बसला होता. डोळे मिटून, कान देऊन. ती नावाजवळ आली की त्याचं बोट बटणावर जाई आणि चाकं थांबत. नाव सरलं की पुन्हा बटण, पुन्हा चाकं. आता तो एकेक नाव ऐकत होता. कापून टाकण्यासाठी ऐकत होता. हिने दिलं नाही, तर हिच्याच गळ्यातून बिननावाचा धवला काढून न्यायचा.

कमरेतून कळ निघाली. तिने सूर धरला. सोडून द्यावं, इथेच तोंड मिटावं, असं तिच्या मनात आलं. पण समोर पुतळाच्या अंगाला निम्मी हळद लागली होती, आणि तुटलेला धवला त्या पोरीच्या नशिबी घालणं तिच्याने होणार नव्हतं. सूर लांबला. बायकांनी माना डोलावल्या. रघूचं बोट बटणावरून दूर होतं, चाकं तो सूर गोळा करत होती.

सूर सोडून ठमाबाई पुढच्या ओळीवर गेली, आणि ओळीत जिथे नाव नसतं तिथे तिने नाव घातलं. हळद दळणारीचं. पाणी आणणारीचं. पुढच्या ओळीत चुलत्यांची, तिघांची. मग चुलत्यांच्या बायकांची. आजा, पणजा, त्याची दोन लग्नं झाली होती त्या दोघी. मांडव घालणारा महादू, तांदूळ सडणारी पार्वती. तुळजा पहिल्यांदा चमकली, मग तिलाही चाकं दिसली. तिने मागून नावं पुरवायला सुरुवात केली.

आंबेपाड्याच्या बायकांनी असा धवला कधी ऐकला नव्हता. आपलं नाव भोंग्यातून निघालं की ती ती बाई लाजून शेजारणीला ढोसे. “माझ्या सासूचं घे गो,” एक ओरडली. “आमच्या गुनाबायला इसरलीस!” दुसरी म्हणाली. नुसती नवरी, नुसता नवरा अशी एकही ओळ मध्ये राहिली नाही. रघूचं बोट बटणावर गेलं ते तिथेच राहिलं. त्याने डोळे उघडले आणि बहिणीकडे पाहिलं. ती पाहत नव्हती.

हळद अंगावर वाळली, पुतळा कंटाळून पाय हलवू लागली, तरी बायका उठायला तयार नव्हत्या. “माझं राहिलं, बाय, माझं राहिलं,” असा गलका चालला होता. कळ पुन्हा वर येत होती. मेढीशी बांधलेली ठमाबाई ओळीचा श्वास घेता घेता एकेकीकडे मान वळवून विचारत होती, “तुझं काय गो? नि तुझ्या आयचं?”